उपाशी वाकळ

अक्कांच्या घरातला फोन काळा होता. मशीनच्या खोलीबाहेर, दाराशी एका उंच स्टुलावर तो ठेवलेला असे, आणि तो वाजला की माझा पाय पायडलवरून आपोआप उचलला जाई. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणायची, "फोन अक्कांचा, घाम तुला का गं?" मी हसल्यासारखं करायची. हे जवळजवळ सात महिने चाललं. त्या फोनवरून कुणीतरी सांगणार होतं की परदेशात बाळाच्या एका रजईच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा सापडला, आणि मग त्या घरातलं माझं दाणापाणी संपणार होतं. तो तुकडा मी घातला होता.

नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं. आमचं गाव चिकोडीकडचं; घरात मराठी, बाजारात कन्नड. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि आईला विड्यांसाठी हात हवे होते. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा चौकोनी साचा ठेवायचा आणि कडेनं कातरी फिरवायची, हे माझं काम. दिवसाला किती पानं कापली असतील देव जाणे. तंबाखूची भुकटी अंथरुणात, पिठात, केसांत. आई रात्रंदिवस खोकायची. मग मीही खोकायला लागले. तेव्हा आईच एका सोयऱ्याला म्हणाली, "हिला कुठंबी लाव, पर हितनं काढ." अशी मी बंगळूरला आले, चामराजपेटेत, अक्कांकडे. वय सतरा.

अक्कांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकून मला पहिले दोन दिवस निम्मं कळलं नाही. "आमचं मराठी गंजलंय पोरी, स्वल्प सांभाळून घे," त्या म्हणाल्या होत्या. माझ्या बोलण्यालाही इथं सगळे हसायचे, कारण आमच्याकडचं कन्नड म्हणजे इथल्या लोकांना भांडण वाटतं. मी ऑटोवाल्याला पत्ता विचारला तर तो म्हणाला, "अहो, मारू नका, सांगतो." तेव्हापासून मी आमची पेठ सोडून एकटी कुठं गेले नाही. बसच्या पाट्या कन्नडात. बोलता येई, वाचता येत नसे. चुकून दुसऱ्याच गावाला जाऊन पोचेन अशी भीती वाटायची. अक्कांनी मला मागची खोली दिली, आपल्याबरोबर जेवायला बसवलं, आणि पहिल्याच आठवड्यात हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. तीन महिन्यांत खोकला गेला. मला त्या माउलीचे पाय धुऊन प्यावेसे वाटत, आणि त्याच वेळी हेही वाटे की एवढं सगळं दिलंय म्हणजे काढून घेण्यासारखंही एवढंच आहे.

पुढच्या खोलीत तीन मशिनी होत्या. कपड्यांच्या कारखान्यांतून चिंध्यांची पोती यायची: चौकड्यांचे शर्ट, फुलाफुलांचे फ्रॉक, कापून उरलेल्या कडा. त्यांतून अक्का रजया करून घ्यायच्या. त्या म्हणायच्या रजई, शेजारची बाई म्हणायची कौदी, मी म्हणायची वाकळ. पहिल्या दिवशी अक्कांनी माझ्यापुढे चिंध्यांचा ढीग टाकला आणि सांगितलं, सारखे चौकोन काप. मी पत्र्याचा तुकडा मागितला. साचा केला आणि कापत सुटले. अक्कांनी चौकोनांची चळत उचलली, टेबलावर ठोकली. कड सरळ.

"कुठं शिकलीस गं?"

"विड्यांत."

त्या इतक्या हसल्या की शेजारची बाई मशीन थांबवून बघायला लागली.

मग ती ऑर्डर आली. एका एक्स्पोर्टवाल्यांना पाळण्यातल्या बाळांसाठी लहान रजया हव्या होत्या, परदेशी पाठवायला. चौकोन त्यांनीच साच्यात दाबून कापून पाठवले. पत्त्यांच्या कॅटासारखे गठ्ठे, दोऱ्यानं बांधलेले. पिवळा, निळा, पांढरा, बदकांचा. आधी एक सॅम्पल, ते पसंत पडलं तर दोन डझन, ते पसंत पडले तर वर्षभर काम. सॅम्पल अक्कांनी मला शिवायला दिलं. एवढा विश्वास घरी कुणी टाकला नव्हता. मला ताप यायचा राहिला.

आता घासाचं सांगायला हवं. आमच्याकडे वाकळ शिवताना शेवटचा कोपरा मिटायच्या आधी त्यात भाकरीचा नखाएवढा तुकडा घालतात. "वाकळंला घास दिल्याबिगर शिवण मिटायची न्हाई," आई म्हणायची. "ती रातभर माणसाला ऊब देती. उपाशी पोटानं कशी देईल? मग माणसाचंच खाती." हे मी गंमत म्हणून ऐकलं असतं. पण माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. बारशाच्या आदल्या दिवशी आईनं त्याची वाकळ घाईघाईनं पुरी केली. सव्वा महिन्याच्या आत तो तापानं गेला. ताप हा ताप असतो, एवढं मलाही कळत होतं. पण सुतक फिटल्यावर आईनं ती वाकळ मांडीवर घेऊन उसवली, चारी कोपरे बोटांनी चाचपले, आणि म्हणाली, "उपाशी व्हती." मी आठ वर्षांची असेन. आई रडली नाही, नुसती तेवढंच म्हणाली, त्यामुळे मला ते खरं वाटलं. अजूनही, सगळं कळून, पूर्ण खोटं वाटत नाही.

तर ती सॅम्पलची रजई माझ्या मांडीवर होती, शेवटचा कोपरा उघडा होता, आणि ती कुठल्यातरी बाळाच्या अंगावर पडणार होती. माझ्या ट्रंकेत आईनं बांधून दिलेल्या कडक भाकरी होत्या. पापडासारख्या वाळवलेल्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या. मी रोज एक चतकोर खायची, घरची आठवण आली की. त्यातला एक तुकडा मोडून कोपऱ्यात सारला आणि टाके घातले. कुणी पाहिलं नाही. सॅम्पल गेलं, पसंत पडलं, दोन डझनांचं काम आलं. कापायचं, जोडायचं तिघींनी मिळून; कोपरे मात्र हातशिलाईचे, ते माझ्याकडे. मी चोवीस वेळा तेच केलं. करताना भीती वाटली नाही. न करता ठेवायचं म्हटलं असतं तर वाटली असती.

अक्कांचा एक नियम होता. मशीनची सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, जोडून पाहायचे, वहीत चिकटपट्टीनं लावायचे. एक कण जरी कमी पडला तरी माल घराबाहेर जाणार नाही. "बाळाच्या अंगाला लागतंय ते," त्या म्हणायच्या. "एक टोक आत राहिलं तर आपण तोंड दाखवायच्या लायकीचे राहणार नाही."

माल जायच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, शेवटच्या रजईची एक कड सुटली होती ती मारताना माझी सुई मोडली. टक् असा आवाज झाला, बस. वरचा भाग मशीनमध्येच राहिला, मधला टेबलावर मिळाला. टोक नाही.

तीन वाजता एक्स्पोर्टवाल्यांचा चेकर येणार होता.

अक्कांकडे जुन्या रेडिओतलं लोहचुंबक होतं. ते टेबलावर फिरवलं, जमिनीवर फिरवलं, माझ्या ओढणीवर, माझ्या वेणीवर फिरवलं. काही नाही. "कापसात गेलं असेल," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी रजई आपल्याकडे ओढली. "चुंबक हलकं आहे. हातानंच बघते."

"अक्का, मी बघते ना."

"तू बैस."

त्यांनी रजई कडेपासून दोन बोटांत धरून चाचपायला सुरुवात केली. एक कड. दुसरी कड. मला त्यांचा अंगठा तेवढा दिसत होता. तो पहिल्या कोपऱ्यावरून गेला, दुसऱ्यावरून गेला. तिसऱ्यावर थांबला, मागे आला, पुन्हा दाबला.

"सापडलं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ब्लेडनं चार टाके कापले, बोट आत घातलं आणि तुकडा बाहेर काढून तळहातावर घेतला. उजेडाकडे नेला. वास घेतला.

"रोट्टी?" शेजारची बाई मान लांब करून म्हणाली. ती कन्नडातच बोलायची. मी इथं मराठीत लिहिते आहे.

"भाकरी," मी म्हणाले.

"ती दिसतेय," अक्का म्हणाल्या. "आत कशी गेली?"

"मी घातली, अक्का."

अक्कांनी तुकडा माझ्यासमोर ठेवला. "ह्या एकातच?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. तो एक कोपरा शिवला असता आणि बाकीच्या तेवीस रजया खोक्यात बांधलेल्या तशाच गेल्या असत्या. का कोण जाणे, मी खरं बोलले. "सगळ्यांत. चोवीसच्या चोवीस."

"अय्यो देवा," म्हणून अक्का खाली बसल्या. मग त्या बोलायला लागल्या ते थांबेनात. "तुला कळतं का गं काय केलंस? तिकडे डब्यातलं दूधही तारीख बघून पाजतात. एक मुंगी निघाली तरी सगळा माल परत येईल. परत आला तर पुढचं काम गेलं. मग तुला ठेवून घेऊ कुठनं, आणि हिला तरी सोमवारी काय म्हणून बोलवू? दोन पोरं आहेत हिला!" शेजारची बाई माझ्याकडे पाहत होती. आता तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे आमचं घर आलं, सुपात भिजलेली पानं, आणि भिंतीशी बसून खोकणारी आई, मला परत आलेली पाहून काही न बोलणारी.

"सॅम्पलमध्येपण घातलं होतंस?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

चोवीसचं खरं सांगण्यात माझं होतं नव्हतं ते धैर्य संपलं होतं. पंचविसाव्यापुरतं उरलं नाही.

अक्का उठल्या. "सरी, चला. खोकी उघडा."

तिघी जमिनीवर बसलो. एकीनं टाके कापायचे, एकीनं तुकडा काढायचा आणि आतला भुगा कुंचल्यानं झाडायचा, मी कोपरा पुन्हा शिवायचा. तुकडे अक्कांनी एका स्टीलच्या ताटलीत जमवले. पाचव्या की सहाव्या रजईला माझा हात थांबला. अक्का ओरडल्या, "आता काय?" आणि मी भावाचं सांगून टाकलं. एका दमात, मराठी-कन्नडाची खिचडी करून. शेवटी म्हणाले, "अक्का, ही सगळी बाळंच आहेत हो."

अक्कांनी ब्लेड खाली ठेवलं.

शेजारची बाई म्हणाली, "ए, इकडे बघ. मी चार वर्षं गिरणीत होते. सुताला कांजी पाजल्याशिवाय कुणी मागावर चढवत नाही. पीठच असतं ते. हे कोरं कापड आहे ना? हात लाव, कडक लागतंय की नाही? हे गिरणीतूनच जेवून आलंय. तुझ्या गावच्या वाकळी जुन्या लुगड्यांच्या. धुऊन धुऊन सगळं गेलेलं. त्या उपाशीच असणार, त्यांना घास हवाच."

मी चौकोनावरून अंगठा फिरवला. कडक होता. तिनं हे खरं मानून सांगितलं की दोन पोरांच्या काळजीनं, ते मला आजही माहीत नाही. पण हात चालायला लागला. थोड्या वेळानं तीच ताटलीकडे पाहून म्हणाली, "चहा असता तर बुडवून संपवली असती," आणि अक्कांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

सुईचं टोकही तिनंच काढलं. माझ्या मशीनच्या पायडलखाली दोऱ्याचा गुंता होता, त्यात अडकलं होतं. अक्कांनी तिन्ही तुकडे जोडून पाहिले, वहीत लावले, पट्टीवर बोट दाबून धरलं. पुष्कळ वेळ दाबून धरलं.

चेकर तीनऐवजी साडेतीनला स्कूटरवरून आला. गोरासा, घाईतला माणूस, गळ्यात टेप. त्यानं सहा रजया काढल्या, मापल्या, शिवणी ताणून पाहिल्या. मग कोपरे हातात घेतले. त्याला तशी सवयच होती, प्रत्येक कोपरा अंगठ्याखाली चुरून बघायची. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"कोपरे छान बसलेत," तो अक्कांना म्हणाला. "सॅम्पलच्या एका कोपऱ्याला जरा जाडी होती. मी म्हणणार होतो, राहून गेलं. हे बरंय. असेच ठेवा."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि लगेच कागदावर सही करायला वाकल्या. मी नजर खाली घातली. माझी समजूत झाली की त्यांना काही कळलं नाही. शिलाई जाड आली असेल असंच त्यांना वाटलं असेल. चेकर गेल्यावर मी वाट पाहत राहिले. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या आठला ये. चिंध्यांचं पोतं फोडायचंय."

मी मागच्या खोलीत राहत होते. आठला कुठून येणार होते? तरी त्या शब्दांवर मी तरले.

मग ते सात महिने. काम आलं, वाढलं, चौथी मशीन आली. आणि फोन वाजत राहिला. मला शेजारच्या बाईनं सांगितलं होतं की सॅम्पल कधी फेकत नाहीत. ते तिकडच्या ऑफिसात कपाटात जपून ठेवतात, पुढच्या मालाशी ताडून पाहायला. म्हणजे तो कोपरा रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात जात असणार. मी काम करताना हिशेब लावायची: आता तिकडे उन्हाळा असेल, उन्हाळ्यात मुंग्या होतात. आता पाऊस, पावसात भाकरी मऊ पडते, वास येतो. अक्का फोनवर "हां, हां, असं का?" म्हणाल्या की माझी शिवण वाकडी जायची. जेवताना त्या मला तूप वाढायच्या आणि मला ते गिळवत नसे. दोनदा सांगायला म्हणून गेले. एकदा त्या पूजेला बसल्या होत्या, एकदा भाजी निवडत होत्या. दोन्ही वेळा "काय गं?" म्हणाल्या आणि मी "काही नाही, दोरा संपलाय" म्हणून परत आले. पांढऱ्या दोऱ्याची तेवढी रिळं त्या घरात पुन्हा कधी जमली नसतील.

थंडीच्या दिवसांत चेकर एक पाकीट ठेवून गेला. एक्स्पोर्टवाल्यांचं डिझाइन बदललं होतं, त्यामुळे जुनं सॅम्पल परत आलं होतं. अक्कांनी पिशवी फाडली. पिवळा, निळा, पांढरा, बदकं. एका कडेला टाचलेला जाड कागद आणि त्यावर गोल शिक्का. त्यांनी रजई झटकली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"घे. तुझा पहिला हात आहे. मागच्या खोलीला थंडी असते, पायावर घाल."

मी घडी घेतली आणि बोटं आपोआप त्या कोपऱ्याकडे गेली. होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, टणक, जिथल्या तिथे. समुद्रापलीकडे जाऊन आला होता आणि कुणी त्याला हात लावला नव्हता. आता सांगायची गरज नव्हती. उसवून टाकला असता तर संपलं होतं. पण त्या रजई देत होत्या, आणि ती तशी घेणं मला जमेना.

"अक्का, ह्यात आहे," मी म्हणाले. "मी खोटं बोलले होते."

"ठाऊक आहे."

त्या चिंध्यांतले बदकांचे तुकडे वेगळे काढत होत्या, ते काढतच राहिल्या.

"कधीपासून?"

"चेकर जाडी म्हणाला ना, तेव्हापासून."

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मला त्यांना फोन करावा लागला असता." अक्कांनी एक तुकडा उजेडात धरून पाहिला आणि बाजूला टाकला. "सात महिने झाले, हा फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं गं. तुला काय वाटलं, एकटी तूच मशीन थांबवायचीस?"

शेजारची बाई म्हणाली, "म्हणून सगळं काम माझ्याच अंगावर पडत होतं."

मी रजई डोळ्यांशी नेली. अक्कांनी वर पाहिलं. "रडायचं असेल तर रजईवर नको, कापूस गोळा होतो. आणि हे बघ, उसवणार असशील तर अंगणात जाऊन उसव. घरात मुंग्या होतील."

मी उसवली नाही. त्या संध्याकाळी खोलीत बसून ब्लेड हातात घेतलं होतं, दोनदा टाक्याखाली सरकवलंही. ट्रंकेतल्या आईच्या भाकरी केव्हाच संपल्या होत्या, आणि आईच्या हातचा तेवढा एकच तुकडा त्या गावात उरला होता. मी रजई पायावर घेतली. बाहेर फोन वाजला. माझे पाय आखडले, आणि पलीकडच्या खोलीत अक्कांच्या बांगड्याही वाजायच्या थांबल्या. मग त्या उठून फोनकडे गेल्या.